दुपारची ऊब

१

पडदेवालीला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. लग्नाच्या फोटोत सगळे छान स्थिर उभे आहेत आणि हिचा तेवढा एक हात धूसर आलाय. पुढे तिनं घरी पडदे शिवायचं काम घेतलं, तेव्हा नवरा म्हणाला, "बरं झालं. निदान पाय तरी एका जागी राहतील." तो स्वतः फ्रिज दुरुस्त करायचा. एक लोकांच्या खिडक्या झाकणार, दुसरा लोकांचं दूध नासू न देणार, असा तो संसार.

पण या वर्षी घरात खरोखर कुणीतरी एका जागी पडून होतं. त्यांची लेक. नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण ते फक्त बँकेत चालायचं. घरात ती ठमी. ठमीला दिवस गेले होते आणि ही तिसरी वेळ होती. आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली. जावई जहाजावर, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी "बाथरूम सोडून कुठंही उठायचं नाही" असा हुकूम सोडल्यावर ती आईकडे आली आणि मागच्या खोलीत आडवी झाली. भिंतीपलीकडे शिवणखोली. आई इकडे मशीन थांबवायची, तिकडे लेकीचा श्वास ऐकायची, पुन्हा मशीन चालू. असं दिवसातून शंभरदा.

"आई, रागावू नकोस हं," ठमी एका सकाळी म्हणाली. हातात फोन, चेहऱ्यावर चोरी. "मी काहीतरी मागवलंय."

"काय?"

"अंडी."

"अगं, फ्रिज भरलाय अंड्यांनी!"

"खायची नाहीत गं. उबवायची. पायांवर पिसं असतात त्या कोंबड्यांची. बघ तरी फोटो, विजार घातल्यासारखी दिसतात!"

"तू एक उबवतेयस तेवढं पुरे नाही का?" पडदेवाली म्हणाली, आणि जीभ चावली. या विषयावर त्या घरात कुणी थट्टा करत नव्हतं. पण ठमीच खुदकन हसली, आणि अंड्यांना घरात जागा मिळाली.

खोक्यावर चहूबाजूंनी 'नाजूक' लिहिलेलं होतं आणि कुरिअरवाल्यानं ते उलटं आणलं. एक अंडं फुटलं होतं. पडदेवालीनं अंडीवाल्याला फोन लावला.

"ताई, लगेच उबेला लावू नका," तो म्हणाला. "प्रवासातून आलीत. आतली हवेची पिशवी हललेली असते. टोक खाली करून एक दिवस नुसती राहू द्या. आणि अर्धी जरी निघाली ना, तरी खूप झालं."

पडदेवालीला ते 'अर्धी' आवडलं नाही. तिनं ठमीला ते सांगितलंच नाही.

२

फ्रिजवाल्यानं एका मेलेल्या छोट्या फ्रिजची पेटी केली. आडवा पाडला, आत बल्ब, एक पंखा, पाण्याची वाटी, थर्मामीटर, दारात काच. "आयुष्यभर गार केलं, आता म्हातारपणी गरम करायला लावलंय बिचाऱ्याला," म्हणाला. पेटी शिवणखोलीत, भिंतीला लागून बसली.

काम साधं होतं. कोंबडी जशी बसल्याबसल्या चोचीनं अंडी फिरवत राहते, तशी ती माणसानं फिरवायची. नाहीतर आतलं पिल्लू एका अंगाला चिकटतं. पडदेवालीनं प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलनं फुली काढली, दुसऱ्या अंगाला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर.

पहिले काही दिवस नीट गेले. मग एका दुपारी ती हात धुऊन पेटीपाशी गेली, तर गोल वर.

सगळे गोल. ओळीनं.

ती तशीच मागच्या खोलीत गेली. "ठमे! उठलीस ना तू?"

"मी? नाही."

"खोटं नको बोलूस. अंडी कुणी फिरवली?"

"तूच फिरवली असशील नि विसरली असशील. काल चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होतीस, तेव्हा मी काही बोलले का?"

हे खरं होतं. पडदेवाली परतली. पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिनं ठरवलं, पोरगी ऐकत नाही. चार पावलंच का होईना, पण चालतेय. यावर उपाय एकच: तिच्या आधी कुणीतरी फिरवून टाकायची.

"अहो, सकाळी निघताना तेवढी अंडी फिरवून जात जा. दुपारी जेवायला आलात की पुन्हा. म्हणजे हिला उठायला निमित्त नको."

"बरं," फ्रिजवाला म्हणाला.

आणि सगळं सुरळीत झालं. पडदेवाली डोकावायची, अंडी फिरलेली असायची. तिला नवऱ्याचं कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत ओला टॉवेल पलंगावरून न उचलणारा माणूस! तिनं बोलून नाही दाखवलं, उगाच बिघडायचा. पण दोनदा त्याच्या ताटात स्वतःहून जास्त वाढलं.

३

अंधार करून टॉर्चवर अंडं धरलं की आतलं दिसतं. तांबूस उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा, मध्ये एक काळा ठिपका, आणि तो हलतो. पडदेवाली एकेक अंडं मागच्या खोलीत नेऊन ठमीला दाखवत होती. ठमी एक हात पोटावर ठेवून बघायची.

सगळी जिवंत होती. अंडीवाल्याला फोनवर ते खरंच वाटेना. "ताई, माझ्या कोंबड्यांखालीसुद्धा सगळी लागत नाहीत. काय करता काय?"

"आमच्याकडे यजमान लक्ष घालतात," पडदेवाली ऐटीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती शिवणखोलीत गेली, तर एक अंडं खाली. फुटलेलं नव्हतं. जाड पडद्यांसाठी आणलेल्या अस्तराची घडी जमिनीवर होती, तिच्या मधोमध ठेवलं होतं. पेटीचं दार लागलेलं. तिनं उचललं. गार. टॉर्चवर धरलं. शिरा नव्हत्या. नुसतं एक लाल कडं, आणि मध्ये न हलणारं काहीतरी.

"अहो!" ती ओरडली. फ्रिजवाला हात पुसत आला. "मेलेलं अंडं बाहेर काढलंत ते ठीक. पण जमिनीवर ठेवतात का? पायाखाली आलं असतं म्हणजे?"

"मी कुठं काढलं?"

"मग फिरवताना पडलं असेल."

"कोण फिरवताना?"

"तुम्ही. सकाळी."

फ्रिजवाला तिच्याकडे बघत राहिला. "अगं, मी एकदाही हात लावला नाही. पहिल्या दिवशी गेलो, तर तू आधीच फिरवलेली. दुसऱ्या दिवशी तसंच. म्हटलं, हिला कुणाचं काम पसंत पडतंय? सोडून दिलं."

"मी नाही फिरवली."

"तू नाही?"

"तुम्ही करता म्हणून मी..."

दोघं पेटीकडे बघू लागले. आत बल्ब जळत होता, पंखा गरगरत होता. नऊ दिवस तर नक्की झाले होते.

"पंख्यामुळं कंप होत असेल," फ्रिजवाला शेवटी म्हणाला. धंद्यातला माणूस, त्याच्याकडे कारण असायचंच. "कंपानं गोल वस्तू सरकते."

"आणि दार उघडून बाहेर येते? आणि घडी बघून बसते?"

तो कामावर निघून गेला, नेहमीपेक्षा लवकर.

तिनं अंडीवाल्याला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. "मेलेलं अंडं कोंबडीला कळतं का हो?"

"कळतं की. घरट्याबाहेर ढकलून देते. उगाच कशाला बसेल त्याच्यावर?"

४

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. अख्ख्या गल्लीत काहीतरी काम निघालं होतं. मशीन बंद, पंखे बंद, बल्ब बंद. पडदेवालीनं पेटीवर दोन गोधड्या टाकल्या, सगळ्या फुल्या वर आहेत हे दोनदा बघितलं, शिवणखोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली गाऊनच्या खिशात टाकली. मग मधल्या बोळात स्टूल टाकून हातशिलाई घेऊन बसली. तिथून दोन्ही दारं दिसायची. शिवणखोलीचं कुलूपबंद, आणि ठमीचं अर्धवट लोटलेलं.

आपण किती शहाण्या आहोत असं तिला वाटलं. मग वाटलं, पन्नाशीला आलेली बाई अंड्यांवर पहारा देतेय, हे कुणाला सांगितलं तर काय म्हणतील.

वीज गेलेल्या घराला एक वेगळीच शांतता असते. फ्रिजचा घोगरा आवाजही नाही. दुपार चढली तसं तिला ऐकू आलं.

आधी गोधडी सरकल्याचा आवाज. मग कवचावर कवच घासल्याचा. एक. थांबून दुसरं. घाई नव्हती त्यात. आणि त्या आवाजाखाली, घशातल्या घशात, कुणीतरी स्वतःशीच काहीतरी म्हणत होतं. शब्द नव्हते. स्वयंपाक करताना आपण हं-हं करतो, तसं.

तिची सुई बोटात गेली. ओरडावं असं वाटलं, पण भिंतीपलीकडे ठमी होती. दचकवून चालणार नव्हतं तिला. पडदेवाली रक्त चोखत तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं आवाज थांबला. तिनं कुलूप काढलं.

गोल वर होते. गोधड्या बाजूला, पण फेकलेल्या नाहीत, नीट सारलेल्या. बल्ब विझलेलाच होता. थर्मामीटरचा पारा जिथं हवा तिथंच उभा होता, केसभर इकडेतिकडे नाही. तिनं पेटीच्या वरच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा गरम होता. एखादी जागा सोडून माणूस नुकतंच उठलं की गादी जशी असते, तसा.

संध्याकाळी ती ठमीचे केस विंचरत होती. नेहमीपेक्षा भराभरा, जोरात.

"आई गं, ओढतेस! दुपारी किती हलके हात असतात तुझे, आणि आता बघ."

"दुपारी?"

"मला झोपेत कुशीवर वळवतेस ना तू. आधी वाटलं स्वप्नच. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि अल्लद. मग जवळ बसतेस. पाठ अजिबात दुखत नाही हल्ली." ठमी जरा थांबली. "पण आई, किती गरम असतेस गं! ताप नाही ना तुला?"

फणी केसांत अडकली. पडदेवालीनं ती सोडवली.

"नाही गं. मशीनवर बसून अंग तापतं माझं."

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. त्यांनी दोनदा मोजलं, दोनदा ऐकलं. "बाळ छान वाढतंय. मला एवढी आशा नव्हती, खरं सांगते. काय करताय ते असंच चालू द्या."

५

शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नसतात आणि पेटी उघडायची नसते. त्या तीन दिवसांत कुणीही फिरवली नाहीत. कुणीही. पडदेवालीनं काचेतून शंभरदा बघितलं, फुली जिथल्या तिथं. तिला वाटलं, संपलं. जे काय होतं ते गेलं.

मग कवचांना टवके पडले, आतून चिवचिव सुरू झाली आणि उरलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली. सगळी. ओली, गबाळी, खरोखरच विजार घातल्यासारखी. फ्रिजवाल्यानं त्यांना मोठ्या खोक्यात ठेवलं, वर बल्ब टांगला. "आजोबा झालो," म्हणाला, आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेला.

पण पिल्लं बल्बखाली बसेनात. खोकं कसंही फिरवा, ती सगळी एकाच बाजूला जाऊन दाटीवाटीनं चिकटायची. भिंतीकडच्या बाजूला. भिंतीपलीकडे ठमीचा पलंग होता.

"थंडी वाजत असेल," फ्रिजवाला म्हणाला.

"मग बल्बकडे जातील ना!"

संध्याकाळपर्यंत त्यानं पिल्लं खोक्यासकट अंडीवाल्याकडे पोहोचवून दिली, ठमीला न विचारता. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांचं न बोलता एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी पडदेवाली दुपारभर ठमीच्या खोलीतच बसली. खुर्ची पलंगाला लावून, लेकीचा हात हातात घेऊन, दाराकडे तोंड करून. काही आलं नाही. खोली नुसती गार होत गेली. ठमी झोपेत कण्हत राहिली, कूस काही केल्या सापडेना. पडदेवालीनं दोनदा तिला वळवायचा प्रयत्न केला, तर ती वेदनेनं जागी झाली.

संध्याकाळी ठमीच्या कपड्यांवर रक्ताचा डाग होता.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. इंजेक्शन दिलं, बराच वेळ पोटाला कान लावल्यासारखं ठोके ऐकायचं यंत्र लावून बसल्या. बाहेर बोळात येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अजून ठोके आहेत. आज काही वेगळं घडलं का?"

"मी दिवसभर तिच्याजवळ बसले होते."

"अहो, आईनं जवळ बसल्यानं कुणाला त्रास होतो का!"

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदेवालीला त्या खोलीत पाऊल टाकवेना. पडद्यांच्या कड्या संपल्यात असं स्वतःलाच सांगून ती बाहेर पडली, कड्या न घेताच दुकानावरून दोनदा पुढे गेली आणि परत आली. ठमी डाव्या कुशीवर शांत झोपली होती. गालांवर रंग आला होता. रक्त थांबलं होतं. खोली उबदार होती, खिडकी सताड उघडी असून.

६

तरीसुद्धा तिनं ठरवलं. उपकार असले म्हणून काय झालं, कुणाचे आहेत ते तरी कळायला नको? आणि ज्याला मेलेलं अंडं कळतं, ते एखाद्या दिवशी ठमीच्या अंगाशी बसून काही वेगळं कळलं म्हणून उठून गेलं तर? की तिलाच उचलून खाली ठेवलं तर? तिनं डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलात खाट आहे, पण हलवणं धोक्याचंच आहे, मी सांगणार नाही हलवा म्हणून. तिनं ऐकलं नाही. टॅक्सी बोलावली. नवऱ्याला कळवलं. बॅग भरली, काढली, पुन्हा भरली. ठमीला उठवायचं तेवढं बाकी ठेवलं. कोवळी दुपार होती, गल्लीत कुणीतरी सायकल शिकत होतं, सगळं इतकं साधं होतं की तिला धीर आला.

तिनं लोटलेलं दार बोटानं सरकवलं. आधी जमिनीकडे बघितलं. जमिनीवर कुणी नव्हतं.

मग पलंगाकडे.

ठमी कुशीवर होती, तोंड भिंतीकडे. चादर तिच्या मानेपासून पायांपर्यंत फुगलेली होती, आणि सगळी जागा भरून, कडेनं खाली ओघळून, तिच्यावर कुणीतरी बसलं होतं. बाईच होती. पडदेवालीला वाटलं तरी तसं. पाठ वाकलेली, कोपरं बाहेरच्या बाजूला पसरलेली, आणि अंग इतकं सैल सोडलेलं, की हाडं कुठं आहेत ते कळेना. ती हळूहळू श्वास घेत होती, आणि तिच्या श्वासाबरोबर ठमी वरखाली होत होती.

दार किंचित वाजलं.

बाईनं वर बघितलं. आपण बघतो तसं तोंड समोर करून नाही. मान कडेला वळवली, आणि एका बाजूनं, एका डोळ्यानं. गोल, पिवळसर, न मिटणारा डोळा. त्यात राग नव्हता. ओळख नव्हती. फक्त एक थांबणं होतं. आता उठावं की बसावं, एवढंच ठरवत असल्यासारखं. तिचं अंग ठमीवरून बोटभर वर उचललं गेलं.

तेवढ्या फटीतून गारवा आत शिरला असावा. ठमी झोपेत कण्हली.

पडदेवालीनं पाय मागे घेतला. मग दुसरा. श्वास कोंडून तिनं दार ओढून घेतलं, इतकं हळू की तिची तिलाच ओळख पटेना. दार लागता लागता तिनं पाहिलं, ते अंग पुन्हा खाली बसत होतं.

आणि तेव्हाच तिच्या डोक्यात आलं, टॅक्सी. टॅक्सीवाला येईल आणि हॉर्न वाजवेल.

ती अनवाणी जिना उतरली. टॅक्सी नुकतीच दारात लागत होती, ड्रायव्हरचा तळवा हॉर्नवर टेकलेला होता. तिनं खिडकीतून हात घालून त्याचं मनगट धरलं.

"वाजवू नका."

"अहो मावशी, काय झालं? पेशंट कुठंय?"

"झोपलीय."

"उठवा ना मग. मी थांबतो."

"नाही उठवायची." तिनं मनगट सोडलं नाही. "जा तुम्ही. हळू जा. कोपऱ्यापर्यंत इंजिनाचा आवाज नको."

ड्रायव्हरनं तिच्याकडे, तिच्या पायांकडे, वरच्या उघड्या खिडकीकडे बघितलं. मग काय समजायचं ते समजला, आणि गाडी न्यूट्रलवर टाकून उताराला सोडली. सायकल शिकणाऱ्या पोरीला पडदेवालीनं नुसता हात दाखवला, ती पायडल मारायची थांबून पाय टेकून उभी राहिली. गल्ली गप्प झाली.

बाळंतपणाला अजून अडीच महिने होते.

पडदेवाली खालच्या पायरीवर बसली. गुडघे जवळ घेतले, हात त्यांच्यावर ठेवले. वरून काही ऐकू येत नव्हतं. माशी येऊन मनगटावर बसली, ती तिनं हाकलली नाही. ऊन पायांवरून सरकत गुडघ्यांवर आलं, गुडघ्यांवरून भिंतीवर गेलं, आणि ती हलली नाही.